मनशीळ, स्त्रीलिंगी

माझ्या बायकोने मला पहिल्यांदा 'अहो' म्हटलं ते लग्नानंतर बेचाळीस वर्षांनी, आणि तेही तिने म्हटलं नव्हतं.

म्हटलं ते तिच्या गळ्यातल्या पट्टीने. मी पातेलं घेऊन स्वयंपाकघरात निघालो होतो. मागून शरयूच्या आवाजात वाक्य आलं, "अहो, आमटी छान झालीय हं." मी थांबून दाराकडे पाहिलं. कोणीतरी जोडपं आलंय आणि त्यातली बाई आपल्या नवऱ्याशी बोलतेय, असं मला वाटलं. आमच्या घरात 'अहो' हा शब्द मीटर बघायला येणाऱ्यासाठी राखून ठेवलेला होता. मला ती दिगू म्हणायची, रागावली की दिगंबर, आणि फार रागावली की नुसतंच "मगदूम!", शाळेत पोरींना आडनावाने उभं करायची तसं. आमटीला तिच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी पदवी होती, "चालेल."

शरयू मिरजेतल्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मी एका साप्ताहिकात शब्दांचे चुकीचे अर्थ छापायचो. तीस वर्षं छापले. शेजारच्या पानांवर बातम्या असल्यामुळे माझं सदर फारसं वेगळं दिसायचं नाही. मग आम्ही दोघंही निवृत्त झालो, आणि गेल्या उन्हाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय काही आठवड्यांनी परत आले, जरा आळसावून. शब्द आले नाहीत.

दवाखान्यात ती नुसती छताकडे बघत पडलेली असायची. एकदा खोलीत कोणी नाही असं पाहून मी तिच्या कानाशी वाकलो. म्हटलं, "नवीन अर्थ ऐक. अर्धांगवायू: अर्धांगिनी बोलायची थांबली की नवऱ्याला होणारा विकार."

तिच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. उजवा जागचा हलला नाही. म्हणजे निम्मे गुण. तिच्या हाताखाली ते फार वाईट नव्हते.

मी बाहेर धावलो आणि डॉक्टरांना सांगितलं, "ती आत आहे."

"मला माहीत आहे," डॉ. समीना बागवान म्हणाल्या. "आता त्यांचं बोलणं बाहेर ऐकू येईल अशी खिडकी पाडायची."

ही खिडकी कशी पाडतात हे त्यांनी मला चहा पाजून समजावलं. "'मीठ' हा शब्द मेंदूत एका डबीत ठेवलेला नसतो, सर. मीठ म्हटलं की चव, पांढरा रंग, समुद्र, स्वयंपाकघर, जखमेवरची आग, असे ठिकठिकाणचे दिवे एकदम लागतात. प्रत्येक शब्दाची दिव्यांची रांगोळी वेगळी. मॅडमच्या रांगोळ्या बहुतेक शाबूत आहेत. रांगोळीपासून जिभेपर्यंतचा पूल पडलाय. तो आपल्याला बांधता येत नाही. आपण रांगोळी ओळखून परस्पर शब्द सांगणारा एक दुभाष्या बसवतो."

हा दुभाष्या म्हणजे कवटीखाली सरकवलेली, सायीइतकी पातळ जाळी आणि गळ्यात घालायची पट्टी. जाळी रांगोळी वाचते, पट्टी बोलते. आवाज शरयूचाच. तो शाळेतल्या तिच्या तासांच्या जुन्या चित्रफितींवरून घडवला होता, त्यामुळे ती पाणीसुद्धा शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं मागायची. डोक्यात काही जुळतंय पण त्याचा शब्द सापडत नाही, अशा वेळी पट्टीवर नुसता एक हिरवा दिवा लागून राहायचा.

पट्टीच्या दोन पद्धती होत्या. 'हुबेहूब' पद्धतीत जी रांगोळी स्पष्ट दिसेल तेवढाच शब्द बाहेर येई. 'ओघवती' पद्धतीत रांगोळी अर्धीमुर्धी दिसली तरी चाले. या वयाच्या, या भागातल्या लाखो बायका अशा वेळी साधारण काय बोलतात, त्याचा अंदाज बांधून पट्टी अख्खं वाक्य विणून द्यायची. मेंदू आणि यंत्र दीड-दोन महिन्यांत एकमेकांत मुरतात. त्यानंतर पद्धत बदलता येत नाही. "लोणच्यासारखं," डॉक्टर म्हणाल्या. "मुरल्यावर मीठ काढून घेता येत नाही."

सुरुवातीला हुबेहूब लावून पाहिली. दिवसभरात "पाणी", "दिवा" आणि एकदा विनाकारण "शिट्टी" एवढंच आलं. मान डोलावण्यावरही विसंबता येत नव्हतं. हो म्हणायचं असलं की तिची मान आडवी जायची. झटक्यानंतर असं होतं म्हणे. लिहिणंही गेलं होतं. मग ओघवती लावली, आणि शरयू सुरेख बोलायला लागली.

इतकी सुरेख, की शेजारच्या बायका तिला बघायला येऊन ऐकून जायच्या. "या ना, बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." "वयोमानाप्रमाणे चालायचंच." "यांनी फार केलं हो माझं." हे 'यांनी' म्हणजे मी. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. बेचाळीस वर्षांत न मिळालेला मान आयता गळ्यातून येत होता. मी आमटीत गूळ वाढवला.

आमची मुलगी ऋता हैदराबादहून येऊन राहिली होती. ती कायद्याचे मसुदे लिहिते. पहिल्याच पानावर सांगून टाकते, की या करारात 'इमारत' म्हणजे अमुक, आणि त्यात तमुकचा समावेश होत नाही. म्हणजे आम्ही बापलेक दोघंही व्याख्यांवर जगलो. तिच्या व्याख्या कोणी मोडल्या तर कोर्टात जावं लागतं, एवढाच फरक. आईचं आणि तिचं सूत जरा लांबूनच होतं. भांडण नव्हतं. फोनवर दोघी एकमेकींना तब्येत आणि हवामान सांगायच्या.

एका सकाळी ऋता आईचे केस विंचरत होती. पट्टी म्हणाली, "किती करतेस गं माझ्यासाठी. तू आहेस म्हणून मी आहे."

ऋताने कंगवा खाली ठेवला आणि ती गॅलरीत गेली. पाठमोरी बराच वेळ उभी होती. परत आली तेव्हा नाक लाल झालं होतं. म्हणाली, "बाबा, हीच पद्धत कायम करून टाकू या."

मी हो म्हणालो. शरयूच्या चेहऱ्याकडे तेव्हा आमच्या दोघांपैकी कोणी पाहिलं नाही.

आता आमच्या खेळाबद्दल सांगायला हवं. तो लग्नाच्या पहिल्या वर्षी सुरू झाला. जुन्या पुस्तकांमधली रसायनांची मराठी नावं शरयूला फार आवडायची. सल्फेट आणि कार्बोनेट आल्यावर ती नावं कोणी घेईना, म्हणून तिला त्यांची दया यायची. ती म्हणायची, काम गेलेल्या माणसाला दुसरं काम द्यावं. सकाळच्या चहाला ती एक नाव घ्यायची, आम्ही दोघं त्याला अर्थ शोधायचो. ज्याच्या अर्थाला दुसरा हसेल, तो घरात लागू.

पापडखार म्हणजे पंगतीत शेजारच्याला अख्खा पापड आणि आपल्याला तुकडा आला की मनात धरलेला खार. मुरदाडशिंग म्हणजे कितीही हाका मारल्या तरी पेपरातून डोकं वर न काढणाऱ्या नवऱ्याच्या कपाळावरचं शिंग. पदर खोचून भांडायला सज्ज व्हावं आणि समोरच्याने आधीच माफी मागून टाकावी, तेव्हा वाया गेलेला राग तो सज्जीखार. गप्पांना रस चढला की कापरासारखी उडून जाणारी संध्याकाळ म्हणजे रसकापूर. आणि तिचा सगळ्यात लाडका मनशीळ. जिथे शीळ घालणं शोभत नाही तिथे, म्हणजे वर्गात, सासरी, शोकसभेत, मनातल्या मनात घातलेली शीळ. स्त्रीलिंगी, असं ती आवर्जून सांगायची. सदर माझ्या नावाने छापलं जायचं, पण चांगले अर्थ कोणाचे हे वाचकांना कळत असावं. पत्रं 'सौ. मगदूम यांस' अशी यायची.

टाकणखार नावाचाही एक शब्द होता. तो आमच्या घरात पुढे कोणी उच्चारत नसे. त्याकडे येतोच.

तर एका दुपारी ऋता आतल्या खोलीत कामाच्या बैठकीत होती आणि मी पेपर वाचत होतो.

"अहो, ऐकताय ना?" पट्टी गोड आवाजात म्हणाली.

"हं," मी म्हणालो आणि पान उलटलं.

"अहो, ऐकताय ना?"

"हं."

"अहो, ऐकताय ना?"

चौथ्यांदा मी वर पाहिलं. आवाज मधात घोळलेला होता. शरयूचे डोळे मात्र वेगळं बोलत होते. प्रयोगशाळेत कोणी काचेची नळी फोडली की ती ज्या डोळ्यांनी बघायची, ते डोळे. मला काय सुचलं कोण जाणे, मी उठून पट्टीची कळ हुबेहूबवर सरकवली.

हिरवा दिवा लागला. थांबला. मग शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात पट्टी म्हणाली, "मुरदाडशिंग."

माझ्या हातातला पेपर पडला. मी कळ पुन्हा ओघवतीवर सरकवली. "अहो, ऐकताय ना?" पुन्हा हुबेहूबवर. "मुरदाडशिंग!" एका शिवीचं इतकं सभ्य भाषांतर मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हसलो. तिच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. चष्मा पुसायला मला पेपरच सापडला.

त्यानंतर दुपारी आम्ही कळ सरकवून बसू लागलो. साधे शब्द येतच नव्हते. चादर, खिडकी, औषध, सगळे पडलेल्या पुलापलीकडे. खेळातले शब्द मात्र एकेक करून स्पष्ट यायचे. शेजारच्या काकूंनी आणलेल्या डब्यात मला दोन लाडू आणि तिला एक आला. "पापडखार." ऊन भिंतीवरून उतरलं आणि मी दिवा लावायला उठलो. "रसकापूर." मी परत बसलो.

मग एकदा धीर करून मी विचारलं, "शरयू, ती ओघवती चालू असते तेव्हा तुला कसं वाटतं?"

हिरवा दिवा बराच वेळ लागून होता.

"मनशीळ."

"म्हणजे पट्टी बोलत असते, आणि तू आतल्या आत..."

"मनशीळ. मनशीळ. मनशीळ."

मला गूळ घातलेली आमटी आठवली. ती तिला कधीच आवडली नसणार.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. डॉ. बागवानांनी मला एकट्यालाच बोलावलं होतं. मी आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, घरी सगळं ठीक आहे ना? तुमच्या दोघांत, म्हणजे?"

"आमटीवरून थोडं आहे."

त्या हसल्या नाहीत. "मॅडम विष मागताहेत."

पट्टीला ओळखीचा नसलेला शब्द आला की ती मोठ्या शब्दकोशात अर्थ बघते आणि त्याची नोंद दवाखान्यात पाठवते. तिथे मनशीळ हे सोमल असलेलं विषारी खनिज आहे. रसकापूर हा पाऱ्याचा विषारी क्षार. मुरदाडशिंग शिशापासून होतं. "एका आठवड्यात तिन्ही मागितली," डॉक्टर म्हणाल्या. "काल तर मनशीळ लागोपाठ. यंत्राने वर लाल शेरा मारलाय, की रुग्ण रसायनशास्त्राच्या शिक्षिका आहेत, काय मागायचं ते त्यांना नेमकं ठाऊक आहे. अशा वेळी नियम असा आहे, की हुबेहूब बंद करायची आणि ओघवती लगेच कायम करायची. रुग्णाच्या मनाला उभारी येते म्हणून."

मी त्यांना सगळा खेळ सांगितला. पापडासकट.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी तुमचं सदर वाचत मोठी झाले, सर. अडचण तीच आहे. परवा आढावा बैठक आहे. कंपनीचे लोक असतील. तिथे तुम्ही उठून सांगणार, की शब्दकोश चूक आणि मी बरोबर. तुम्ही! दुसरं कोणी आहे का, हे अर्थ माहीत असलेलं?"

"मुलगी आहे," मी म्हणालो, आणि लगेच मला टाकणखार आठवला.

ऋता आठवीत असताना चाचणी परीक्षेत प्रश्न आला होता, 'टाकणखाराचा उपयोग लिहा.' तिने लिहिलं, 'टाकून बोलल्यावर समोरच्याच्या मनात तो साठून राहतो.' घरात हेच ऐकत ती वाढली होती. पेपर तपासायला आईकडेच होता. शरयूने शून्य दिलं, आणि शिक्षकांच्या खोलीत ते उत्तर सांगून पोट धरून हसली. संध्याकाळपर्यंत ते वर्गात पोचलं. पोरींनी ऋताचं नाव खारुताई ठेवलं. ती रडत घरी आली तेव्हा शरयू, आधीच ओशाळलेली, तिच्यावरच खेकसली, "घरातलं कुठलं आणि शाळेतलं कुठलं, एवढं कळू नये? मठ्ठ कुठली!"

खेळाच्या चहाला ऋता पुन्हा कधी बसली नाही. माझा तर्क आहे, की तिचा धंदाही त्याच दिवशी ठरला.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती मोबाइलकडे बघतच म्हणाली, "मी नाही साक्ष देणार."

"अगं, पण तुला अर्थ माहीत आहेत."

"सगळे माहीत आहेत. म्हणूनच."

"ऋता, ती ओघवतीत कोंडली गेलीय."

"बाबा, आई मला म्हणाली, किती करतेस माझ्यासाठी."

"ते आई नाही म्हणाली, बाळा. लाखो बायका म्हणाल्या."

"कळतं मला ते!" तिने मोबाइल उपडा ठेवला. "रोज कळतं. पण आवाज तिचा होता ना? मी किती वर्षं वाट बघितली त्या वाक्याची. तुम्हाला मुरदाडशिंग परत मिळालं, तुम्ही खूश. माझ्यासाठी तिच्याकडे कुठला शब्द आहे, सांगा. एक सांगा."

मला एकच माहीत होता, आणि तो मी उच्चारला नाही.

बैठकीला आम्ही तिघं होतो, डॉक्टर होत्या आणि भिंतीवरच्या पडद्यात कंपनीचे एक नीटनेटके साहेब होते. त्यांनी आधी रुग्णाचं मत घेतलं. "मॅडम, ओघवती पद्धत कायम करावी असं तुम्हाला वाटतं का?"

"हो," पट्टी म्हणाली. "ओघवतीमुळे माझं जगणं सुसह्य झालं आहे."

"साहेब," मी म्हणालो, "दुभाष्याला नोकरीवर ठेवू का, हे तुम्ही दुभाष्यालाच विचारताय."

मग मी उठून सगळे अर्थ सांगितले. साहेबांनी सभ्यपणे ऐकले. "काका, आपण कुठल्या सदरात लिहीत होतात?"

"'साफ चूक.'"

त्यांनी ते टिपून घेतलं. पुढे मला काही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "कायम करण्याआधी एकदा हुबेहूब लावून बघते. ती माझी जबाबदारी." त्यांनी कळ सरकवली. "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

शरयूने डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ऋता खिडकीपाशी पाठ करून उभी होती, तिच्याकडे ती बघत राहिली. हिरवा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. तिच्या कपाळावर घाम आला. झटक्यानंतर तो शब्द पट्टीतून कधी आला नव्हता. मला वाटतं ती तो खूप खोलवरून ओढत होती.

"टाकणखार."

साहेबांनी खाली पाहिलं. "बोरॅक्स. पोटात गेल्यास अपायकारक."

"टाकणखार," पट्टी पुन्हा म्हणाली. या वेळी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा तो आवाज नव्हता. कोणी अगदी शेजारी बसून विचारावं तसा होता. "टाकणखार, खारुताई?"

"खारुताई," साहेब म्हणाले. "प्राणी?"

ऋता वळली. डोळे भरले होते, पण आवाज मसुद्याचा होता.

"लिहून घ्या. शरयू मगदूम यांच्या बोलण्यात 'टाकणखार' म्हणजे टाकून बोलल्यावर समोरच्याच्या मनात साठून राहिलेला खार. त्यात बोरॅक्सचा समावेश होत नाही. 'मनशीळ' म्हणजे जिथे शीळ घालता येत नाही तिथे मनातल्या मनात घातलेली शीळ. त्यात सोमलाचा समावेश होत नाही. 'रसकापूर' म्हणजे गप्पांत उडून गेलेली संध्याकाळ. 'मुरदाडशिंग' म्हणजे हे." तिने माझ्याकडे बोट केलं. "आणि 'खारुताई' म्हणजे मी."

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "त्या आत्ता काय म्हणाल्या?"

"विचारतेय. मनात अजून खार आहे का, म्हणून." ऋता आईच्या खुर्चीपाशी खाली बसली. "होता, आई. खूप होता. पण मीच जरा जास्त सांभाळून ठेवला. माझंच चुकलं."

शरयूचा हिरवा दिवा लागला. आम्ही वाट बघत राहिलो. पट्टी स्वच्छ आवाजात म्हणाली, "सज्जीखार."

ऋताला हसू फुटलं. मलाही. आम्ही दोघं इतके हसलो, की पडद्यातल्या साहेबांनी आवाज कमी केला. म्हणजे बाई पदर खोचून तयारीनिशी आली होती, की लेक चिडेल, वाद घालेल, आणि लेकीने माफी मागून सगळ्याचा विचका केला. शरयूच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला होता, आणि मी शपथेवर सांगतो, उजवाही थोडा हलला.

डॉक्टर आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या टेबलावरच्या पडद्यात दिसणाऱ्या शरयूच्या मेंदूकडे बघत होत्या. उजव्या बाजूला दिवाळी होती.

"आता उलगडलं," त्या म्हणाल्या. "झटका डावीकडे होता. नेहमीच्या शब्दांची वाट तिकडून जाते. पण विनोद कळायचा तर एका शब्दाचे दोन अर्थ एकदम हातात धरावे लागतात, आणि त्या कामाला उजवी बाजू फार लागते. तुमच्या घरात हे शब्द चाळीस वर्षं हसत वापरले गेले. त्यांनी उजवीकडून आपली पायवाट पाडली असावी. असावी म्हणते हं, सर. हे लगेच कुठे छापू नका."

"मी छापलं तरी खरं कोण मानणार आहे?" मी म्हणालो.

मग ऋताने स्वतः विचारलं. "आई, ओघवती?"

"मनशीळ," पट्टी म्हणाली. ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

साहेबांनी घसा साफ केला. "मग या व्याख्या रुग्णाच्या यंत्रात भरून घ्यायच्या का?"

"भरा," ऋता म्हणाली. "नवीन झाल्या तर कळवू."

हुबेहूब कायम झाली. आता ती मुरली आहे. घर बरंच शांत झालं. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा शरयूने त्यांच्या तोंडावर 'पापडखार' म्हटलं, तेव्हापासून त्या मला जिन्यातच गाठून तब्येत विचारतात. मला कोणी 'अहो' म्हणत नाही. आमटीत गूळ पूर्वीइतकाच पडतो. "चालेल" हा शब्द अजून पुलापलीकडेच आहे, मी त्याची वाट बघतो. आणि ऋताला ते वाक्य पुन्हा कधी ऐकू येणार नाही. हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. त्यावर आम्ही बोलत नाही.

हैदराबादला परत जायच्या दिवशी ऋता सकाळच्या चहाला आमच्यात येऊन बसली. आठवीनंतर पहिल्यांदाच. बशीत बिस्किटाचा तुकडा फिरवत म्हणाली, "आई, त्या चाचणीत शून्य मिळालं ना, त्या रात्री मी खरं उत्तर पाठ केलं होतं. अजून पाठ आहे. म्हणू?"

शरयूने तिच्याकडे पाहिलं. शाळेतल्या पोरीसारखी ऋता ताठ बसली.

"टाकणखार. सोनार वापरतात. दागिना तुटला असेल, तर सांध्यावर टाकणखार लावून मग तापवतात. त्याच्याशिवाय तुटलेलं सोनं जुळत नाही."

मी कप खाली ठेवला. तीस वर्षं मी शब्दांना खोटे अर्थ दिले, आणि बहुतेक वेळा खऱ्या अर्थापेक्षा माझा बरा असायचा. त्या सकाळी शब्दकोशाने मला हरवलं. मी ते मान्य करून टाकलं.

शरयूच्या पट्टीवर हिरवा दिवा लागला होता. तो विझेना. पाच-दहा श्वास गेले, चहावर साय धरली, तरी लागलेलाच. आवाज नाही.

"बाबा, शब्द सापडत नाहीये का तिला?" ऋता काळजीने पुढे झुकली. "काय म्हणतेय आई?"

"बोलू नकोस जरा," मी म्हणालो. "शीळ घालतेय."